काठावरून वाहिलं पाणी

"पातेलं कोशेर करणं, धर्माच्या नियमाने शुद्ध करणं, म्हणजे पोरखेळ!" सण लागायच्या दिवशी सकाळी गमलिएलने बायकोपुढे, यॉनापुढे, छाती फुगवून जाहीर केलं. "तू आईला घेऊन ये, तोवर काम फत्ते!"

यॉनाची आई फ्रेहाबाई म्हणजे नियमाला सुईहून टोकदार. वल्हांडणाच्या सणात पाव वर्ज्य, म्हणून वर्षभर पाव शिवलेलं भांडं उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय त्यांना चालायचं नाही, आणि जावयाच्या स्वयंपाकघरावर तर एरवीही विश्वास नाही. बारा वर्षं माय लेकीच्या दारी यायची, पाणी पिऊन जायची. यंदा कशीबशी 'जेवेन' म्हणाली होती.

माळ्यावरचं सगळ्यांत मोठं पातेलं डोक्यावर घेऊन गमलिएल गल्लीच्या टोकाला गेला. तिथे धर्मगुरू झुंडेल रब्बींच्या उकळत्या काहिलीत निम्म्या जेरुसलेमची भांडी डुबक्या मारत होती.

"अरे, हे माझ्या काहिलीत कसलं मावतंय? माझी काहीलच यात मावेल!" रब्बी म्हणाले. "घरी जा. काठोकाठ भर, उकळ, आणि लाल तापलेला दगड आत टाक. पाणी काठावरून वाहिलं की काठही कोशेर!"

घरात दगड कुठला? गॅलरीत एक सापडला, फडक्यात गुंडाळलेला. चपटा, गुळगुळीत, जणू याच कामासाठी घडवलेला!

दगड तापला, पाण्यात पडला. फस्स्स! पाणी काठावरून ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून जिन्यात, आणि जिन्यातून थेट खालच्या राखेलबाईंच्या चपलांत!

"अहो, भांडी धुताय की शेजारी?"

"काठ कोशेर झाले!" गमलिएल वरून आनंदाने ओरडला.

तेवढ्यात मायलेकी आल्या. फ्रेहाबाई दारातच थबकल्या. "यॉने, हे तर मी लग्नात दिलेलं! खास वल्हांडणाचं. याला कधी पावाचा कण शिवला नाही. यात रांध, मी पोटभर जेवेन गं!"

"आता तर दुप्पट कोशेर, सासूबाई!" गमलिएल फुलला.

यॉना मात्र पातेल्यात वाकून बघत होती. "अहो... हा दगड कुठला?"

"गॅलरीतला."

"तो आपला पाव भाजायचा दगड! सणभर नजरेआड राहावा म्हणून बांधून ठेवला होता मी! चांगलं शुद्ध पातेलं बाटवलंत!"

गमलिएल धावत रब्बींकडे. "आता चोवीस तास थांब, मग पुन्हा उकळ," रब्बी म्हणाले. सण तर सूर्यास्तालाच लागणार होता.

त्या संध्याकाळी फ्रेहाबाईंनी लेकीच्या घरी पहिल्यांदा काही खाल्लं. दोन संत्री. सोलायची सुरी स्वतःची आणली होती.

"खाल्लं तर खरं!" गमलिएल पुटपुटला. यॉनाकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.