रेणुकाच्या आवाजाची बदली

नैरोबीला बदली झाली ती रेणुका ढवळेच्या आवाजाची. रेणुका पुण्यातच राहणार होती. नऊ देशांत फोनचं जाळं असलेली कंपनी ती, तिथे दर एप्रिलला असल्या बदल्या निघायच्या. कोणी भुवईसुद्धा उंचावली नाही.

रेणुका मात्र आस्थापना विभागात शेवडेसाहेबांसमोर हात जोडून उभी राहिली. "साहेब, घरी वडील आहेत. त्यांना दिसत नाही. मी घरात आहे हे त्यांना माझ्या आवाजावरूनच कळतं हो."

शेवडेसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी नियम दोनदा वाचले. "वडिलांचं आजारपण चालतं बाई, अंधत्व चालत नाही. दोनच वर्षं. आणि तुम्हाला मुकं थोडंच ठेवतोय? तिथल्या ओटिएनो नावाच्या गृहस्थांचा आवाज येतोय बदल्यात. चांगला भारदस्त आहे."

सोमवारी त्या भारदस्त आवाजात रेणुका घरी म्हणाली, "तात्या, आले मी."

तात्या धडपडत उठले. "कोण आहे? रेणू कुठाय?"

तिने ऑर्डर वाचून दाखवली. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. "चेहरा तिचाच आहे," एवढंच म्हणाले. आठवडाभर हूं की चूं नाही. रेणुकाच्या जिवाला फार लागलं ते.

रविवारी नैरोबीहून फोन आला. "तात्या, मी!" झालं, तात्यांच्या डोळ्यांना धार लागली. मग दर रविवारी दीड-दीड तास गप्पा. रेणुका शेजारी बसून फोन धरायची. आवाज तिकडची थंडी सांगायचा, साहेबांच्या नकला करायचा, खळखळून हसायचा. एवढं मोकळं ती स्वतः कधी हसली नव्हती. आता बोला!

मुदत संपत आली तसा आवाजाने तिकडेच कायम होण्याचा अर्ज केला. ओटिएनोंना एव्हाना मोम्बासा शाखेतला एक आवाज मिळाला होता, त्यांची तक्रार नव्हती. फक्त रेणुकाची ना-हरकत हवी होती. चार दिवस तिला घास गोड लागला नाही. शेवटी कागद घेऊन ती तात्यांपाशी बसली.

"मी सही नाही केली तर तुमच्या रेणूला परत यावंच लागेल. बोलावू?"

 तात्यांनाही ते सोपं नव्हतं. मग चाचपडत त्यांनी तिचा हात धरला.

"पोर रमलीय तिकडे. तिच्या आड नको येऊस. आणि माझं बघायला तू आहेसच की, बाई."

"आहे," रेणुका म्हणाली, आणि तिने सही केली.