दहा विरुद्ध पाच, म्हणून पाच विजयी

लोकशाहीत मतं मोजावीच लागतात. ती सरळ मोजावीत, असा मात्र कुणाचाही आग्रह नसतो. (आग्रह धरणारे सहसा नुकतेच हरलेले असतात.)

अमेरिकेतल्या ईरी गावच्या लिओना डोम्ब्रोव्स्की, वय ब्याऐंशी, यांनी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुपारी टर्की ओव्हनमधून बाहेर काढली, तेव्हा त्या स्वतःच्या घरात राहत होत्या. पुढेही तिथंच राहायचं, की घर विकून वृद्धाश्रमात जायचं, हे जेवताना कुटुंबानं मतदानानं ठरवायचं होतं. पाच घरांतली पंधरा माणसं जमली होती. लिओनाबाईंनी मनात डोकी मोजली. दहा आपली. निश्चिंत होऊन त्या वाढायला लागल्या.

तेवढ्यात थोरला रेमंड उभा राहिला. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवल्यानं त्याला बसून बोलता येत नाही.

"नुसती डोकी मोजणं म्हणजे झुंडशाही, आई. देशाचा अध्यक्ष निवडतात तसंच करू. राज्यांच्या जागी घरं."

नियम
(एकमतानं मंजूर. ते एक मत रेमंडचं.)

एक: प्रत्येक घराला माणसांइतकी मतं, वर दोन. वरची दोन कशासाठी, हे विचारणं पूर्वजांचा अपमान समजला जाईल.

दोन: घरात ज्यांची सरशी, त्या घराची सगळी मतं त्यांची. हरलेल्याचं मत मोजलं जाईल, धरलं जाणार नाही.

प्रचार

मुलगी पॅट्रिस हिच्या घरात सात माणसं, सातही आईच्या बाजूची. नऊ मतं. खात्रीचं घर, म्हणून तिकडे कुणी फिरकलं नाही. तिच्या पोरांच्या वाट्याला टर्कीची मान आली. रेमंड आणि मधला कर्टिस यांच्या घरी तीन-तीन माणसं. दोन्हीकडे नवरा-बायको विक्रीच्या बाजूला आणि मुलगी आजीच्या. हीही घरं ठरलेली, पाच-पाच मतांची; तसंच एकट्या लिओनाबाईंचं, तीन मतांचं.

उरला धाकटा ग्लेन. घटस्फोटित, एकटा, मतं तीन. एरवी त्याचं म्हणणं कुत्रंही ऐकत नसे. आज दोन्ही तंगड्या त्याच्या ताटात होत्या.

"ग्लेन, बाळा, आणखी थोडा बटाटा घे ना," लिओनाबाई म्हणाल्या.

"ग्लेन, तुझा तो ट्रक मी दुरुस्त करून देतो," रेमंड म्हणाला.

"मी दोन्ही बाजू ऐकतोय," ग्लेन म्हणाला आणि जेवत राहिला. शेवटी त्यानं पम्पकिन पाय या भोपळ्याच्या गोड पदार्थाचा घास घेतला. "दालचिनी कमी पडलीय, आई." आणि त्यानं रेमंडच्या बाजूनं हात वर केला.

निकाल

आईनं घरी राहावं: माणसं दहा, मतं बारा.
आईनं आश्रमात जावं: माणसं पाच, मतं तेरा.

"जनतेचा कौल स्पष्ट आहे," रेमंड म्हणाला.

आक्षेप
(ऐकून घेण्यात आले.)

"अरे, दुप्पट माणसं आहेत आमच्याकडे! लाज वाटते का?" पॅट्रिस ओरडली.

"दुप्पट माणसं एकाच घरात कोंबलीस, ही तुझी चूक. दोघांना ग्लेनकडे राहायला पाठवायचंस."

"आणि माझं मत, बाबा?" रेमंडची मुलगी टेसा म्हणाली.

"तुझं मत आजीला आश्रमात पाठवण्याच्या बाजूनं मोजलंय, बेटा."

"पण मी तर विरोधात दिलं!"

"तू होतीस म्हणून तर आपल्या घराचं एक मत वाढलं. आभार."

लिओनाबाईंनी मदतीसाठी पॅट्रिसकडे पाहिलं. "हा अन्याय आहे गं. सांग ना याला काहीतरी."

तीन आठवड्यांपूर्वी, अध्यक्षपदाच्या निकालाच्या रात्री, पॅट्रिस याच टेबलापाशी रडत होती: आमच्या माणसाला देशभरात जास्त मतं पडली आणि तरी तो हरला. लिओनाबाईंचा माणूस जिंकला होता. चेरीच्या दारूचा घोट घेत त्या म्हणाल्या होत्या, "नियम ते नियम, पोरी. हरल्यावर भोकाड पसरू नये."

पॅट्रिसनं ताटं गोळा केली. रेमंड आईच्या कपाटाची लांबी-रुंदी मापू लागला.

वाचकहो, इथे तुम्हाला लिओनाबाईंची दया आली असेल, किंवा बरी जिरली असं वाटलं असेल. दोन्हींपैकी नेमकं काय, ते गेल्या निवडणुकीत तुमच्या पक्षाला मतं जास्त मिळाली होती की जागा, यावर अवलंबून आहे.