गिअरबॉक्स मागे बसवला तेव्हा

आमच्या चिरंजीवांनी घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी का आहे, असं कुणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांगा! शिकलेले लोक वजनाचा तोल वगैरे सांगतील. सांगू देत. खरं कारण म्हणजे माझे पाय. इंजिन पुढे, त्याला चिकटून गिअरबॉक्स, आणि त्याचं टेंगूळ दोन सीटांच्या मधोमध! मी बसून बघितलं, तर गुडघे हनुवटीला लागले.

"हे धूड उचल आणि मागे टाक," मी म्हटलं.

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. "आई! पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स. वजन सारखं वाटलं जाईल!"

"मग? मी काय उगीच बोलते?"

कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच होता. सकाळी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, "कामावर जातो" म्हणायचा आणि मागच्या शेडमध्ये जायचा. सूनबाई फक्त भांडी जोरात ठेवायची. अशात जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्या एका मोठ्या गॅरेजचे मालक म्हणाले, रविवारी येतो, गाडी बघतो. हात चांगला असेल तर नोकरी देतो. सगळं घर त्या रविवारावर टांगलेलं!

मुलाने भंगारातून ट्रान्सॲक्सल आणला. म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकं फिरवणारा डिफरन्शियल, दोघंही एकाच डब्यात, नवरा-बायको एका खोलीत असतात तसे. पण तो होता मागे इंजिन असलेल्या गाडीचा. त्याचं इंजिनला जोडायचं तोंड मागे, आमचं इंजिन पुढे!

"उशी फिरवतोस तसा फिरव की," मी म्हटलं.

त्याने फिरवला. इंजिनापासून तिथपर्यंत लांब दांडा टाकला, वर पत्रा लावला, आणि गाडी ठोकळ्यांवर उचलून सुरू केली. दांडा थरथरतो का ते कळावं म्हणून मी पत्र्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला. चाकं भन्नाट फिरली, आणि पाण्याचा थेंब सांडला नाही! आम्ही तिघं पेल्याकडे बघत टाळ्या वाजवत होतो. चाकं कुठल्या दिशेने फिरतायत, ते कुणी बघितलंच नाही.

रविवारी गाडी ढकलत गल्लीत आणून उभी केली. मालक आले. उंच, गप्प, दर वाक्याला घड्याळ बघणारे.

"एकच चक्कर मारू. मला पुढे जायचंय."

दोघं बसले. मुलाने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सुसाट मागे!

"अहो, रिव्हर्स पडलाय!" सूनबाई किंचाळली.

"पहिलाच आहे गं!"

"मग दुसरा टाका!"

दुसरा टाकला. गाडी दुप्पट वेगाने मागे! शेजारचे काका फाटकाला रंग देत होते. त्यांनी डबा उचलला, शिडी उचलली, मग स्वतःला उचललं.

"आजी, उलटी का चालवतोय हा?"

"मुद्दामच! तीच तर खासियत आहे!" मी ठोकून दिलं.

झालं! काकांनी सगळ्यांना हाका मारल्या. माणसं गच्चीत, खिडकीत, दारात आली. गाडी मागे जातेय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि आत माझा मुलगा कागदासारखा पांढरा!

गल्लीच्या टोकाला एकदाची थांबली. मी आणि सूनबाई धापा टाकत पोचलो तेव्हा तो खाली मान घालून सांगत होता, "डबा फिरवला तशी चाकंही उलटी फिरली. चार गिअर मागे न्यायला, पुढे न्यायला एकच. आतलं दातेरी चाक दुसऱ्या बाजूला बसवायला हवं होतं."

मालक घड्याळाकडे बघत म्हणाले, "मग त्या एकावर घरी चला."

तो एक म्हणजे मूळचा रिव्हर्स. गाडी इतकी हळू निघाली, की मी शेजारून चालत होते आणि मधून मधून थांबून तिची वाट बघत होते! त्यामुळेच सगळं ऐकू आलं.

"हा दांडा जराही थरथरत नाही. कुठे केलात?"

"शेडमध्येच."

"इतका सरळ?"

"तीनदा फेकून दिला, चौथा बसवला."

मग बोलत राहिले दोघं. बऱ्याच दिवसांनी मी माझ्या मुलाला न अडखळता बोलताना ऐकलं. मनात आलं, गाडी नीट चालली असती तर भुर्रकन चक्कर मारून, "छान" म्हणून हा माणूस निघून गेला असता.

दारात उतरल्यावर त्यांनी विचारलं, "डबा फिरवायची कल्पना कुणाची?"

मुलगा क्षणभरही थांबला नाही. "माझीच."

"उद्यापासून या. येताना बसने या."

सूनबाईने पदर डोळ्यांना लावला. आणि मला आनंद झाला की माझी जीभ सुटते.

"अहो, कल्पना माझी होती! अजून पुष्कळ आहेत माझ्याकडे!"

मालकांनी पहिल्यांदाच घड्याळ न बघता माझ्याकडे बघितलं.

"आजी, त्या घरीच ठेवा."