नऊ भोकांना पुरून उरलेली सिगार

एका जंगलात पूर्वी नुसतं जंगलच होतं. मग तिथे गोल्फ आला.

तर मुलांनो, गोल्फ म्हणजे काय ते आधी सांगतो. एक छोटा पांढरा चेंडू असतो. तो लांब काठीने दूर मारायचा. मग आपणच चालत जाऊन तो शोधायचा. सापडला की पुन्हा मारायचा. असं करत करत तो एका भोकात घालायचा, आणि घातला की लगेच बाहेर काढायचा. हा खेळ दोन प्रकारचे प्राणी खेळतात. ज्यांना काही काम नसतं ते, आणि ज्यांचं त्यांच्याकडे काम असतं ते.

या जंगलातल्या मैदानाला नऊ भोकं होती. मैदानाचे अध्यक्ष होते वाघ, रणधीरसाहेब. ते जंगलाचेही राजे होते, पण ते काम दुपारनंतर.

एक दिवस पाटी लागली. 'मैदान अठरा भोकांचे करण्याचे योजिले आहे. वाढीव नऊ भोके मधाच्या टेकडीवर.'

मधाच्या टेकडीवर अस्वलं राहत होती. झाडाझाडाला पोळी होती. अस्वलांनी पाटी वाचली आणि त्यांच्या तोंडचा मध कडू झाला. त्यांनी साहेबांना निरोप पाठवला की आम्हाला थोडं बोलायचं आहे. साहेबांचा उलट निरोप आला, 'रविवारी सकाळी एकाला खेळायला पाठवा. खेळता खेळता बोलू.'

पाठवायचं कोणाला? गोल्फ दोन पायांवर उभं राहून खेळतात. न पडता सर्वांत जास्त वेळ दोन पायांवर उभा राहू शकायचा तो झिपरोबा. म्हणून झिपरोबाला निवडलं.

हा झिपरोबा अंगाने आडदांड, पण बोलायला अतिशय लाजरा. चार अस्वलांत उभा राहिला तरी त्याच्या नाकाला घाम फुटायचा. त्याची बायको गोदाक्का त्याला ओळखून होती. तिने त्याच्यासाठी एक छोटं वाक्य बेतून दिलं.

"अहो, एवढंच म्हणायचं. साहेब, टेकडी राहू द्या. संपलं."

"साहेब, टेकडी राहू द्या," झिपरोबा म्हणाला.

"आणि हा मधाचा घडा त्यांच्यासमोर ठेवायचा. आधी घडा, मग वाक्य."

झिपरोबा दिवसभर वाक्य म्हणत हिंडला. दुसऱ्या दिवशी घडा काखेत घेऊन तो म्हणत म्हणतच सुवासरावांच्या दुकानापर्यंत पोचला.

सुवासराव हे उदमांजर. जांभळाच्या पोकळ खोडात त्यांचं सिगारचं दुकान होतं. नाक इतकं तरबेज की डोळे मिटून वास घेत आणि सिगार कुठल्या उतारावरच्या तंबाखूची ते सांगत. बरोबर असे की चूक, ते कोणालाच माहीत नसे. त्यामुळे त्यांचा दबदबा होता.

"रविवारी साहेबांबरोबर?" सुवासरावांनी विचारलं. "आणि हा मधाचा घडा घेऊन? साहेब मध खात नाहीत हो. मिशांना लागतो."

झिपरोबाच्या नाकाला घाम फुटला.

"साहेबांना सिगार न्या," सुवासराव म्हणाले. "चांगली सिगार पेटली की साहेब कशालाही हो म्हणतात. पण चांगली पाहिजे. आणि गोल्फला कुठलीही चालत नाही. बसा."

झिपरोबा बसला. बसला तो चार दिवस बसला.

सुवासराव एकेक पेटी उघडत होते. ही आखूड, हिचं नाव 'पहाट'. चवीला सौम्य, रिकाम्या पोटी चालते, पण चौथ्या भोकाला संपते. पाचव्याला साहेब काय ओढतील? ही 'दरबारी'. अंगाने जाड, बोटांत भारदस्त दिसते, पण सकाळी घेतली तर डोकं धरते. ही काळीभोर, तिखट. ही जेवणानंतरची, सकाळी बाहेर काढली तर हसं होईल.

"सिगार हलकी सुरू व्हावी आणि हळूहळू चढावी," सुवासराव म्हणाले. "ती गवतावर ठेवायची नाही, गवताला औषधं मारलेली असतात. राख झटकायची नाही, ती आपली आपण पडू द्यायची. आणि एक लक्षात ठेवा. सिगार अर्ध्यावर विझवणं म्हणजे पाहुण्याला जेवता जेवता उठवणं."

झिपरोबाने प्रत्येक सिगार ओढून पाहिली. तसं करावंच लागतं, असं सुवासरावांचं म्हणणं होतं. पहिल्या दिवशी तो खोकला. दुसऱ्या दिवशी त्याला दोन सुवासराव दिसले आणि त्याने दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली. तिसऱ्या दिवशी तो जांभळाच्या झाडाभोवती गोल गोल फिरला आणि झाडच फिरतंय म्हणून त्याला धरून ठेवलं. चौथ्या दिवशी मात्र तो डोळे मिटून म्हणाला, "हिच्यात ओल्या मातीचा वास आहे. आणि मागून किंचित आवळा."

सुवासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवसांपूर्वीचं हे अस्वल, आणि आज आवळा.

त्यांनी मागल्या फळीवरून एक पेटी काढली. तिच्यात 'महामंडप' होती. वीतभर नव्हे, दीड वीत लांब. गुळगुळीत, तपकिरी, एकसारखी. झिपरोबाने ती नाकाखालून नेली आणि त्याला इतकं बरं वाटलं की आपण कशासाठी आलो होतो तेच तो विसरला. मधाचा घडा दुकानात राहिला आणि दोन 'महामंडप' घेऊन तो घरी आला.

"वाक्य पाठ आहे ना?" गोदाक्काने विचारलं.

"आहे," झिपरोबा म्हणाला. "पण ती राख झटकायची नाही हं."

रविवार उजाडला. पहिल्या भोकाशी रणधीरसाहेब उभे होते. बाजूला त्यांचं सामान वाहणारे साळिंदर काटेकाका होते. वयाने म्हातारे, बोलायला कमी. सगळ्या काठ्या त्यांच्या पाठीवरच्या काट्यांत खोवलेल्या असत. साहेबांना हवी ती काठी मिळे, फक्त कधी कधी काठीऐवजी काटा हाती येई.

झिपरोबाने 'महामंडप' पुढे केली. साहेबांनी वास घेतला. एक डोळा मिटला. मग दुसरा.

"आवळा?" ते म्हणाले.

"मागून. किंचित," झिपरोबा म्हणाला.

"वा."

दोघांनी पेटवल्या. झिपरोबाला वाटलं, आता बोलावं. तेवढ्यात साहेबांनी चेंडू मारायला काठी घेतली आणि सिगार कुठे ठेवावी म्हणून इकडे तिकडे पाहिलं. ते गवताकडे वाकले.

"गवतावर नको साहेब," झिपरोबा घाबरून म्हणाला. "औषध मारलेलं असतं. माझ्याकडे द्या."

त्यानंतर साहेब खेळले आणि झिपरोबाने त्यांची सिगार धरली. एका पंजात त्यांची, एका पंजात स्वतःची. काठी धरायला तिसरा पंजा नव्हता. झिपरोबाचा चेंडू पहिल्या भोकापाशी तसाच पडून राहिला, आणि असा शहाणा प्रतिस्पर्धी साहेबांना कधी मिळाला नव्हता.

"तिसरं," काटेकाका म्हणाले. मग हळूच झिपरोबाला म्हणाले, "बोला की आता."

चौथ्या भोकाला साहेब एकदम थांबले. गुडघा चोळत म्हणाले, "खरं सांगू का झिपरोबा? नऊ भोकांतच माझे गुडघे कुरकुरतात. ते टेकडीवरचं मैदान रद्दच करावं म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?"

मुलांनो, एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. झिपरोबाने नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण त्या क्षणी साहेबांच्या सिगारवर दोन बोटं लांब राख जमली होती. पांढरी, सरळ, जराही न वाकलेली. झिपरोबाने अशी राख आयुष्यात पाहिली नव्हती. सुवासरावांनीही दाखवली नव्हती.

"साहेब, हलू नका," झिपरोबा श्वास रोखून म्हणाला. "राख पडेल."

साहेब हलले नाहीत. काटेकाकाही हलले नाहीत. तिघंही राखेकडे बघत उभे राहिले. शेवटी ती आपली आपण पडली तेव्हा तिघांनी एकदम श्वास सोडला, आणि आधी काय बोलणं चाललं होतं ते कोणालाच आठवेना.

सहाव्या भोकापासून सिगार चढू लागली. साहेब चालता चालता गाणं गुणगुणू लागले. चेंडू झाडावर आपटून परत आला तर त्यांनी त्याला नमस्कार केला. झिपरोबाला जमीन कापसासारखी मऊ लागत होती. सातव्या भोकाला त्याने धीर करून वाक्य म्हटलं, पण तोंडात सिगार होती. "हाहेब, हेकडी हाहू हा," असं काहीतरी निघालं.

"अगदी खरं," साहेब म्हणाले, आणि दोघंही खो खो हसले. कशाला हसलो ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"नववं," काटेकाका म्हणाले. "शेवटचं."

साहेबांनी चेंडू भोकात घातला. काढला. मग सिगार परत हातात घेऊन तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"झिपरोबा," ते म्हणाले, "ही तर निम्मी उरली."

खरंच निम्मी उरली होती. मैदान संपलं होतं.

"विझवावी का?" साहेबांनी विचारलं.

"छे छे," झिपरोबा कळवळून म्हणाला. "सिगार अर्ध्यावर विझवणं म्हणजे पाहुण्याला जेवता जेवता उठवणं."

"मग आणखी चालायला हवं. पण चालणार कुठे? मैदानच आखूड आहे." साहेबांनी मान वर केली आणि दूर पाहिलं. समोर मधाची टेकडी उन्हात चमकत होती.

झिपरोबाने त्यांची नजर पाहिली. त्याची धुंदी खाडकन उतरली. त्याने तोंडातली सिगार काढली आणि जन्मात पहिल्यांदा तो मोठ्यांदा, स्पष्ट बोलला.

"साहेब, टेकडी..."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "टेकडी. माझ्याही तेच मनात आलं. फार छान सुचवलंत तुम्ही."

"राहू द्या," झिपरोबा म्हणाला.

"राहू द्या कसं? इतका संकोच बरा नाही. सूचना तुमची, तेव्हा नावही तुमचंच लागलं पाहिजे."

"साहेब, राहू द्या," झिपरोबा रडवेला होऊन म्हणाला.

"बघा काटेकाका," साहेब गहिवरून म्हणाले. "याला म्हणतात विनय."

काटेकाकांनी झिपरोबाकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं.

झिपरोबा घरी आला तेव्हा सगळी अस्वलं वाटेवर थांबली होती.

"सांगितलंत?" गोदाक्काने विचारलं.

"पुरं वाक्य सांगितलं."

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, अगदी बरोबर."

पुढचं त्याला सांगायचं होतं. पण अस्वलांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि झिपरोबाला कोणी खांद्यावर घेण्याची ही पहिलीच वेळ होती. एवढं वजन उचललंय त्यांनी, आता खाली उतरून काय सांगायचं, असं त्याला वाटलं. दुपारभर अस्वलं नाचली. झिपरोबा वर बसून होता. खाली उतरू नये असं त्याला वाटत होतं, आणि वर बसूही नये असं वाटत होतं.

चौथ्या दिवशी रानडुकरं आली आणि त्यांनी टेकडीवर नऊ भोकं उकरली. झाडं पडली. मधमाशा उठून कुठे गेल्या ते कळलं नाही. दहाव्या भोकाजवळ पाटी लागली. 'झिपरोबा यांच्या सूचनेवरून.'

गोदाक्काने पाटी वाचली. ती ओरडली नाही. सामान बांधून ती म्हणाली, "आता आम्ही राहायचं कुठे, ते तरी साहेबांना विचारायचं होतं."

"चौथ्या भोकाला विचारता आलं असतं," झिपरोबा खाली मान घालून म्हणाला. "पण राख पडत होती."

अस्वलं खालच्या दगडांत राहू लागली. झिपरोबाला साहेबांनी सिगार-सल्लागार नेमलं. नको म्हणायला तो 'राहू द्या' म्हणाला, तेव्हा साहेबांनी त्याला मुख्य सिगार-सल्लागार नेमलं.

पण टेकडी चढायला वेळ लागे, म्हणून अठरा भोकांच्या मैदानावर 'महामंडप' सोळाव्या भोकालाच संपली. दोन भोकं साहेब नुसतेच चालले आणि फार उदास झाले. म्हणून आणखी लांब सिगार आणली. ती अठराला संपेना. म्हणून मैदान सत्तावीस भोकांचं केलं, आणि त्यात सुवासरावांचं जांभूळ गेलं. मग सिगार पुरेना. मग मैदान पुरेना. असं करता करता जंगलभर भोकं झाली आणि एकही झाड उरलं नाही. दुकान डोक्यावर घेऊन सुवासराव दगडांत अस्वलांच्या शेजारी येऊन राहिले.

मग एका रविवारी साहेब सिगार पेटवायला गेले आणि ती पेटेना. सपाट मैदानावर वारा मोकाट सुटला होता. काडी ओढली की विझे. काड्यांची पेटी संपली, दुसरी संपली. साहेबांची मिशी जळाली, सिगार नाही.

"मुख्य सल्लागार," साहेब कासावीस होऊन म्हणाले, "काहीतरी करा."

झिपरोबाने वाऱ्याकडे पाहिलं. दगडांत बसलेल्या गोदाक्काकडे पाहिलं. या वेळी त्याच्या नाकाला घाम आला नाही.

"साहेब, वारा अडवायला हवा. त्याला थोडी झाडं लागतील."

"किती?"

"सिगारच्या मानाने लावावी लागतील. 'महामंडप'साठी म्हटलं तर एक जंगलभर."

"मग लावा. वेळ का घालवता?"

दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. भोकं आयतीच खणलेली होती. प्रत्येक भोकात एकेक रोप लावलं. ज्या जंगलासाठी कोणाची विनंती चालली नव्हती, त्या जंगलाला आता सरकारी पहारा बसला. रोपांना हात लावणाऱ्याला शिक्षा ठरली. पाणी घालायला अस्वलांना टेकडीवर परत बोलावलं.

झाडं वाढेपर्यंत खेळ बंद होता. रणधीरसाहेब रोज सकाळी न पेटवलेली सिगार तोंडात धरून टेकडीवर येत आणि रोपाशेजारी उभे राहून मोजत.

"अजून कमरेएवढंच आहे," ते म्हणत.

"होईल साहेब," पाणी घालता घालता गोदाक्का म्हणे. "आणि झाडं मोठी झाली की भोकं पुन्हा कुठे खणायची, ते आपण तेव्हा बघू."

तात्पर्य: मुलांनो, जंगल वाचवायचं असेल तर जंगलासाठी कधी रडू नये. साहेबांची सिगार पेटत नाही, एवढंच काळजीच्या सुरात सांगावं. आणि सिगार निवडताना नेहमी लांबातली लांब निवडावी, म्हणजे जंगल लवकर संपतं आणि ते लावायचा हुकूमही लवकर निघतो.