लायल हॅगर्टीचं दिवाळं आणि त्यानंतरचं घर

लायल हॅगर्टीचं दिवाळं २०१७ सालच्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रीतसर मंजूर झालं. अमेरिकेतल्या टोलेडोच्या कोर्टात त्याच्या आधी एक दंतवैद्य होता, नंतर एक केकवाली बाई होती. तिघांचं मिळून बारा मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर येताना दंतवैद्याने लायलशी हस्तांदोलन केलं आणि सवयीने त्याच्या दातांकडे पाहिलं.

लायल शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करायचा. मी त्याच गॅरेजात सुट्या भागांच्या खिडकीवर बसतो, त्यामुळे ही हकीकत मला पहिल्यापासून माहीत आहे. माणूस सरळ. दारू नाही, जुगार नाही, घोड्यांच्या शर्यतीला गेला तो एकदाच, तोही तिथली बस बंद पडली म्हणून. त्याचं दिवाळं काढलं ते त्याच्या बायकोच्या पित्ताशयाने. ते एका रविवारी फुटलं. नोरीन बारा दिवस इस्पितळात होती. इस्पितळ विमा कंपनीच्या यादीत होतं, सर्जन यादीत होता, पण भूल देणारा डॉक्टर यादीत नव्हता, म्हणून त्याचं बिल विम्याने भरलं नाही.

"तुम्ही आधी चौकशी करायला हवी होती," विमा कंपनीच्या बाईने फोनवर सांगितलं.

"त्याने तोंडावर मास्क ठेवला होता हो," नोरीन म्हणाली. "मी म्हणायला गेले 'तुम्ही यादीत...' आणि डोळे मिटले."

दिवाळं मंजूर झाल्यावर आठ दिवसांत लायलच्या टपालपेटीत नवं कर्ज देऊ करणाऱ्या पत्रांचा ढीग पडू लागला. सगळ्यांच्या सुरुवातीला 'अभिनंदन!' असं छापलेलं होतं. कायद्याने आता आठ वर्षं त्याला पुन्हा असं दिवाळं काढता येणार नव्हतं, म्हणजे दिलेलं कर्ज बुडवायची त्याला सोयच उरली नव्हती. अशा माणसाइतकं भरवशाचं गिऱ्हाईक दुसरं कोण? लायलला आयुष्यात इतकी मानाची पत्रं कधी आली नव्हती. त्याने ती सगळी फाडून टाकली आणि शपथ घेतली, की यापुढे कुणाचा एक डॉलर डोक्यावर ठेवायचा नाही.

हीच त्याची पहिली चूक.

त्याच सुमारास घरमालकाने निरोप धाडला, की त्याला घर विकायचं आहे. दोन वर्षांनी रिकामं करा. संसार थाटल्यापासून नवव्यांदा सामान बांधायची वेळ येणार हे दिसलं तेव्हा नोरीन रिकाम्या खोक्यावर बसून राहिली.

"लायल, मी एकावन्न वर्षांची झाले," ती म्हणाली. "भिंतीत खिळा ठोकायचा तर अजून परवानगी मागते. आता नाही. आता आपलं घर घ्यायचं."

"आपलं दिवाळं निघालंय, नोरीन."

"म्हणूनच म्हणते. आता कुणाचं काही देणं नाही. याहून चांगली वेळ कुठली?"

हा युक्तिवाद लायलला बिनतोड वाटला. तो बँकेत गेला. कर्ज विभागात क्विग्ली नावाचे गृहस्थ होते. गोरेगोमटे, मऊ आवाजाचे, आणि वाईट बातमी देताना समोरच्याच्या दिशेने पेपरमिंटची बशी सरकवणारे.

"हॅगर्टीसाहेब, तुमच्यावर सध्या कर्ज किती?"

"एक पैसाही नाही," लायल छाती काढून म्हणाला.

क्विग्लींनी बशी सरकवली. "अडचण तीच आहे."

"कर्ज नाही ही अडचण?"

"कर्ज नसलेला माणूस कर्ज फेडतो की नाही, हे आम्हाला कसं कळावं?"

"मी अकरा वर्षं भाडं भरतोय. एकदाही उशीर नाही. आणि ते भाडं तुमच्या हप्त्यापेक्षा शंभर डॉलरने जास्तच आहे."

"कौतुकास्पद आहे. पण ते दिसत नाही."

"कुणाला?"

"यंत्रणेला," क्विग्ली म्हणाले आणि क्षणभर छताकडे पाहिलं. "तुमचा क्रेडिट स्कोअर साडेआठशेपैकी चारशे नव्वद आहे. सरकारी हमीच्या कर्जासाठी दिवाळ्यानंतर दोन वर्षं थांबावं लागतं. तेवढ्या काळात स्कोअर वाढवा. एक क्रेडिट कार्ड घ्या. आमच्याकडे तीनशे डॉलर ठेवा. आम्ही तुम्हाला तीनशेचं कर्ज देऊ. तुम्ही ते फेडा."

लायलने यावर बराच विचार केला. "म्हणजे माझेच पैसे मी उसने घ्यायचे आणि मलाच परत करायचे?"

"तुम्हाला नाही, आम्हाला. मध्ये आम्ही आहोत ना."

लायलने कार्ड घेतलं. पहिल्या महिन्यात पेट्रोल आणि दोन कोबी घेतले आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरून टाकले. क्विग्लींनी फोन करून हलकेच समज दिली, की इतकी घाई बरी दिसत नाही. बिल येऊ द्यावं, दोन दिवस आपल्याकडे राहू द्यावं, मग भरावं. शिवाय एकच कर्ज असणं एकसुरी वाटतं. थोडी विविधता हवी. म्हणून हॅगर्टींनी गरज नसताना हप्त्यावर एक शीतपेटी घेतली. ती इतकी मोठी होती, की नोरीनच्या आईने, म्हणजे मर्टलबाईंनी, तीत कोबीच्या सारण भरलेल्या गुंडाळ्या करून ठेवल्या, तरी निम्मी रिकामीच राहिली. शीतपेटीचा शेवटचा हप्ता फेडला त्या आठवड्यात स्कोअर नऊने घसरला.

"का?" लायलने विचारलं.

"तुमचं एक कर्ज कमी झालं," क्विग्ली खेदाने म्हणाले.

तरी दोन वर्षांत स्कोअर सहाशे वीसवर गेला. तोवर नोरीनने घर हेरून ठेवलं होतं. दुमजली, फिकट हिरवं, खाली राहायचं आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा. लायलने अर्ज केला. बँकेच्या वरच्या कचेरीतून मागणी आली, की दिवाळं का निघालं त्याचं स्पष्टीकरण अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत द्यावं.

लायलने लिहिलं, 'बायको आजारी पडली. बिल आलं. पैसे नव्हते.'

हे पत्र परत आलं. शेरा होता, 'अपुरं. भावना दिसत नाहीत.'

मग नोरीन लिहायला बसली. तिने सात पानं लिहिली. रविवारपासून सुरुवात केली, पोटातल्या कळा लिहिल्या, भूल देणाऱ्या डॉक्टरच्या भुवया लिहिल्या, इस्पितळातल्या हिरव्या जेलीबद्दल अर्धं पान लिहिलं. लिहिताना ती दोनदा रडली आणि लायल एकदा. हेही पत्र परत आलं. शेरा होता, 'अर्जदार कुटुंबाची मनःस्थिती अस्थिर वाटते.'

"मधलं काहीतरी हवं," क्विग्लींनी सुचवलं. "दुःख असावं, पण आटोपशीर. आणि मुख्य म्हणजे, असं पुन्हा घडणार नाही याची खात्री हवी."

"पित्ताशय काढलंय माझं," नोरीन म्हणाली. "पुन्हा कुठून फुटेल?"

"त्याचा काही पुरावा?"

नोरीन खुर्चीतून उठली आणि ब्लाउजचं खालचं बटण सोडू लागली. क्विग्लींनी घाईघाईने सांगितलं, की कागदी पुरावा चालेल. इस्पितळाने चाळीस डॉलर घेऊन दाखला दिला, की नोरीन हॅगर्टी यांच्या शरीरात पित्ताशय आढळून येत नाही. आठवड्याने वरच्या कचेरीची विचारणा आली, की उर्वरित अवयवांबाबत काय स्थिती आहे?

त्या दिवशी गॅरेजात लायल चार तास एकाच चाकाचे नट आवळत बसला होता. मी म्हटलं, "सोड रे, भाड्याचं दुसरं बघ."

"नोरीनने त्या घराच्या खिडक्या मोजून ठेवल्यात," तो म्हणाला. "आता तिला काय सांगू? तिच्या मूत्रपिंडावर बँकेचा विश्वास नाही?"

शेवटी डॉक्टरने लिहून दिलं, की उर्वरित अवयव वयोमानानुसार समाधानकारक आहेत. फाइल पुढे सरकली.

आता सुरुवातीला भरायच्या रकमेत चार हजार कमी पडत होते. ते मर्टलबाईंनी देऊ केले. बँकेचा नियम असा, की ही भेट आहे आणि परतफेडीची कोणतीही अपेक्षा नाही, असं देणाऱ्याने लिहून द्यायचं. मर्टलबाईंनी चष्मा लावला, फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"कोणतीही अपेक्षा नाही? असं मी नाही लिहिणार."

"आई, सही कर ना," नोरीन म्हणाली.

"अगं, तेवीस वर्षं या माणसाकडून मी अपेक्षाच करत आलेय. आता म्हातारपणी देवाला खोटं लिहून देऊ?"

"पैशांची अपेक्षा, मर्टलबाई," क्विग्ली मऊपणे म्हणाले. "बाकीच्या ठेवा."

"बाकीच्या ठेवते," मर्टलबाई म्हणाल्या आणि लायलकडे रोखून पाहत सही केली. "ऐकलंत ना, जावईबापू? बँकेनेच सांगितलंय."

मग बँकेने विचारलं, की मर्टलबाईंकडे चार हजार आले कुठून? त्या म्हणाल्या, नवऱ्याची बोट विकली. बोट नवऱ्याचीच होती कशावरून? त्यांनी नवऱ्याचा बोटीतला फोटो दिला. बँकेने कळवलं, की फोटोत गृहस्थ बोटीत बसलेले दिसतात, मालक असल्याचं दिसत नाही. अखेर ज्याने बोट घेतली त्या मासेमाराने येऊन सांगितलं, की बोट मर्टलबाईंच्या नवऱ्याचीच असणार, कारण ती तीन ठिकाणी गळते आणि तिन्ही ठिकाणी त्याने च्युइंगगम लावलेलं आहे. हे ग्राह्य धरण्यात आलं.

सह्यांचा दिवस उजाडला. लांबलचक टेबल, एकशे तेरा कागद आणि पलीकडे ऑर्लीन नावाच्या नोटरीबाई. सत्तेचाळिसाव्या कागदावर त्या थांबल्या.

"कोर्टाच्या कागदावर तुमच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एकच 'जी' आहे. बाकी सगळीकडे दोन."

"टायपिस्टची चूक असेल."

"असेलही. पण कागदावरून दोन माणसं दिसतात. एकाचं दिवाळं निघालंय, एकाचं नाही."

लायलच्या डोळ्यांत पहिल्यांदाच चमक आली. "मग मी दिवाळं न निघालेला आहे ना!"

"तसं धरलं," ऑर्लीनबाई शांतपणे म्हणाल्या, "तर दिवाळ्यानंतरची दोन वर्षं तुम्ही थांबला नाहीत, त्या एक 'जी'वाल्याला थांबवलंत. आणि इस्पितळाचं बिलही मग माफ झालं ते त्याचं, तुमचं नाही. ते तुम्हाला भरावं लागेल."

लायल मुकाट्याने पुन्हा दिवाळखोर झाला. तो आणि तो एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र तयार झालं, पण त्यावर दोघांनाही ओळखणारा साक्षीदार हवा होता. नोरीन पुढे सरसावली, तर ती घराची सहमालक म्हणून बाद झाली.

"मला एवढं तरी सांगा," ती म्हणाली, "मी दोघांपैकी कुणाची बायको?"

साक्षीला मर्टलबाईंना उभं केलं. त्यांनी उजवा हात वर केला. "मी दोघांनाही चांगली ओळखते," त्या म्हणाल्या. "दोघंही सारखेच."

शिक्का बसला. संध्याकाळी सहा वाजता हॅगर्टी आपल्या घरात शिरले. नोरीनने पहिल्याच तासात भिंतीत चौदा खिळे ठोकले. टांगायला तिच्याकडे फोटोंच्या दोनच चौकटी होत्या. आम्ही गॅरेजातले सगळे गेलो होतो. शीतपेटीतल्या कोबीच्या गुंडाळ्या खाल्ल्या. लायल दाराच्या कडीवरून सारखा हात फिरवत होता.

पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यासाठी पाटी लागली. पहिली आली ती रोवीना नावाची बाई, वृद्धाश्रमात स्वयंपाक करणारी. वय पन्नाशीच्या पुढे, एकटी, बरोबर पीच फळं भरून भाजलेला गोड 'पाय' आणलेला. तिने जिना पाहिला, खिडकी पाहिली आणि जागा फार आवडल्याचं सांगितलं. मग हातातल्या रुमालाशी चाळा करत म्हणाली, "एक गोष्ट आधीच सांगते. नवऱ्याचं आजारपण झालं. तो गेला, आणि गेल्या वर्षी माझं दिवाळं निघालं. पण भाडं मी कधी चुकवलेलं नाही."

नोरीनचे डोळे भरून आले. तिने बाईचा हात धरला. लायलने सहानुभूतीने मान हलवली आणि टेबलावरची बिस्किटांची बशी बाईच्या दिशेने सरकवली.

"स्कोअर किती आहे तुमचा?" त्याने मऊ आवाजात विचारलं.

बाई गेल्यावर नोरीन त्याच्यासमोर उभी राहिली. "लायल, तू हे विचारलंस? तू?"

"वाईट मलाही वाटलं गं."

"मग?"

"आता हप्ता आपल्याला भरायचाय. तेव्हा आपण भाडेकरू होतो."

यात बँकेचा काही हात नव्हता. कुणी फॉर्म पाठवला नव्हता, कुणी शेरा मारला नव्हता. वरचा मजला एका सातशे ऐंशी स्कोअरला दिला. मुलगा बरा आहे. नाव मात्र लायलच्या अजून नीट लक्षात राहत नाही. रोवीनाबाईंचा पीचचा 'पाय' चांगला झाला होता, असं लायल म्हणतो. नोरीनने तो चाखलाही नाही.

ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. बँकेच्या नावाने सगळे हसतात, लायलच्या नावाने सगळे हळहळतात. माणसं किती लवकर बदलतात, असंही म्हणतात. मग मी सांगतो, की रोवीनाबाई अजून जागा शोधताहेत, आणि तुमच्याकडे गॅरेजवरची खोली रिकामी आहे असं ऐकलं. त्यावर कुणी घसा खाकरतं. आणि मग जे विचारतात, ते तुम्हीही आत्ता मनात विचारलंच असेल. रोवीनाबाईंच्या स्कोअरचा आकडा माझ्याकडे आहे. कळवू का?