तुळशीरामाचं भाषांतर

"दुभाष्याने पदरचा एक शब्द घालायचा नाही! शब्दाला शब्द!" दिनानाथ मकासरे मूठ आपटून म्हणाले. टेबलावरच्या कपबशा दचकल्या.

एकसष्ट सालचा उन्हाळा. पनवेलच्या मिशन बंगल्यात देशोदेशीचे ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ जमले होते. म्हणजे जर्मनीचे डॉक्टर केसलर, नॉर्वेच्या मिस ब्रेक्के, तमिळ मुलखातले डॉक्टर ज्ञानमुत्तू आणि यजमान दिनानाथ. सगळ्यांनी मिळून दुखऱ्या मनांसाठी पनवेलला एक केंद्र काढावं, यासाठी दिनानाथांनी तीन वर्षं हाडाची काडं केली होती. आज पाहुण्यांसमोर एका माणसाची मुलाखत व्हायची आणि मग ठराव मताला टाकायचा.

मिठागरात राबणारा गव्हाणचा तुळशीराम समोर खुर्चीत बसला होता. त्याचं मराठी दिनानाथ इंग्रजीत सांगणार, ते मिस ब्रेक्के जर्मनमध्ये केसलरांना सांगणार. मालगाडीसारखी जोडणी!

"काय त्रास होतो?" दिनानाथांनी विचारलं.

"रातभर डोल्याला डोला लागत नाय, सायेब."

दिनानाथांनी नियमाप्रमाणे सांगितलं, "याचा एक डोळा दुसऱ्या डोळ्याला लागत नाही."

केसलर उठले, तुळशीरामाचे दोन्ही डोळे तपासून आले आणि गंभीरपणे म्हणाले, "कुणाचाच लागत नाही. लागायला हवा, असं याला कुणी सांगितलं?"

खिडकीशी बसलेल्या दमयंतीबाईंना, म्हणजे दिनानाथांच्या पत्नीला, हसू आवरेना. "अहो, तसं नव्हे! त्यांना अर्थ सांगा ना!"

"अगं, नियम म्हणजे नियम!"

तुळशीराम पुढे म्हणाला, "त्यात बायको डोकं खाते."

भाषांतर झालं. मिस ब्रेक्केंच्या हातातली पेन्सिल गळाली.

"कधीपासून खाते?" केसलरांनी विचारलं.

"लगीन झाल्यापासून!"

"घरातच, की लोकांसमोरही?"

"चारचौघांतपन खाते! तिला कुनाची भीती हाय?"

"दुखतं का?"

"आता सवय झाली, सायेब."

केसलरांनी कपाळाचा घाम पुसला. असा रोगी त्यांना अख्ख्या युरोपात भेटला नव्हता!

"अजून काय काळजी?"

"पोरीचं हात पिवलं करायचं हाय. जीव टांगनीला लागलाय बगा."

आपल्या मुलीचे हात पिवळे करण्याचा त्याचा बेत आहे आणि त्याचा जीव खुंटीला लटकतोय, असं दोन भाषांतून पलीकडे पोचलं. लटकणं म्हटल्यावर डॉक्टर ज्ञानमुत्तू ताडकन उठले आणि विहिरीचा दोर सोडून घेऊन आले. मिस ब्रेक्केंनी स्वयंपाकघरातली विळी आणि सुऱ्या गोळा करून कपाटात कोंडल्या. आता घरात पाणी नाही आणि भाजी चिरायची सोय नाही! दमयंतीबाईंचं हसू तिथेच संपलं.

एवढी धावपळ पाहून तुळशीराम बिचकला. उठून हात जोडून म्हणाला, "येतो मी." आणि दाराकडे निघाला.

"तो म्हणतो, मी येतो," दिनानाथ म्हणाले.

"येतो म्हणतो आणि जातो?" केसलर ओरडले. "थांबवा त्याला!"

केसलर दारात आडवे आले. ज्ञानमुत्तूंनी खांदा धरला. तुळशीराम बोंबलला, "मेलो, मेलो!"

"तो म्हणतो, मी..." दिनानाथांनी जीभ चावली. इथे नियम पाळावा तर केंद्र बुडालं, आणि तुळशीरामही! त्यांनी खुर्ची ओढली, वर चढले आणि म्हणाले, "थांबा! त्याला झोप येत नाही. बायको फार बोलते. मुलीचं लग्न करायचंय. एवढंच!"

ज्ञानमुत्तूंच्या बगलेतला दोर घसरला. केसलर दारातून बाजूला झाले, आपल्या हाताने तुळशीरामाला तांब्यात उरलेलं पाणी दिलं आणि दोनदा माफी मागितली.

मग मिस ब्रेक्केंनी हळूच विचारलं, "लग्न तर आनंदाचं. मग झोप का जावी?"

दिनानाथांनी या खेपेला शब्दाला शब्दाचा हट्ट सोडून प्रश्न विचारला.

तुळशीराम परत खुर्चीत टेकला. "बायको बोलते, पन आयकत नाय. पोर आयकते. ती सासरी उरनला गेली का मंग मी कोनाशी बोलू?"

दिनानाथांनी याचं भाषांतर केलं. केसलरांनी चष्मा काढला आणि दिनानाथांकरवी विचारलं,

"तुमच्यासाठी आम्ही आमच्या देवाशी बोललो तर चालेल का?"

"बोला की. मना काय तो वलखत नाय. तुमीच सांगा."

तुळशीराम दिनानाथांच्या शेजारी बाकावर बसला. त्यांचे दोन्ही हात त्याने बुडत्या माणसासारखे घट्ट धरले. प्रत्येकाने आपापल्या भाषेत प्रार्थना केली. आधी जर्मन, मग नॉर्वेची, मग तमिळ. मिस ब्रेक्केंना तेवढं जर्मन कळलं, बाकी कुणाला कुणाचं अक्षर कळत नव्हतं, पण कुणी आटोपतं घेईना! शेवटी दिनानाथांनी मराठीत "आमेन" म्हटलं, तर उत्तर म्हणून घोरणं ऐकू आलं.

तुळशीराम त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपला होता.

हा गुण कुणाच्या पद्धतीचा, यावर एरवी वाद पेटला असता. पण मिस ब्रेक्केंनी ओठांवर बोट ठेवलं. केसलरांनी बूट काढून हातात घेतले. ज्ञानमुत्तूंनी आधी जमिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे केंद्र इथेच, आणि मग हात वर केला. बाकी दोघांनीही केला. मग तिघांनी अपेक्षेने दिनानाथांकडे पाहिलं.

दिनानाथांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. तुळशीराम झोपेत कुरकुरला आणि त्याने मूठ आणखी आवळली. दिनानाथ निमूट बसून राहिले.

पनवेल केंद्राचा ठराव असा मंजूर झाला: बाजूने तिघे, विरोधात कुणी नाही आणि यजमान दिनानाथ मकासरे तटस्थ!