एक एके एक

मावशी सुपरवायझरच्या परीक्षेत एका गुणाने नापास झाल्या. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलापाशी सोळा वर्षं उभं राहून त्यांच्या पायांनी संप पुकारला होता. सुपरवायझर झाल्या तर बसायला खुर्ची मिळणार होती. त्या खुर्चीसाठी महिनाभर चष्मा लावून त्या लेकीकडे गणित शिकल्या होत्या.

लेकीने एकच मंत्र दिला होता. "आई, 'नक्कीच खरं काय' असं विचारलं ना, की खोटं पाडायला बघ. शून्य घाल, एक घाल, उणे घाल. जे कशानेच पडत नाही, ते खरं." हे मावशींना लगेच पटलं. सोळा वर्षं बिस्किटांतली खोटच काढत होत्या त्या.

आणि चुकला नेमका तसलाच प्रश्न. पूर्णांक कुठलाही असो, नक्कीच खरं काय? उत्तरसूची म्हणत होती, 'वर्ग संख्येपेक्षा मोठा.' मावशींची खूण होती, 'वर्गात तीच संख्या मिळवली की बेरीज सम.' त्या तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"पाच पाचे पंचवीस. मोठा झाला की नाही?" साहेब म्हणाले.

"आणि एक?"

"एक एके..." साहेब अडखळले. "अहो, तो अपवाद!"

"एक तुटकं बिस्कीट निघालं, तर अख्खं खोकं परत पाठवता ना तुम्ही?"

साहेब चिडले. "मग तुमचंच बरोबर कशावरून?"

मावशींनी टेबलावर बिस्किटं मांडली. तीन-तीनच्या तीन ओळी, वर आणखी तीनचीच एक. "तीन गुणिले चार. शेजारचे दोन आकडे, त्यांतला एक समच असणार. पाडा बघू!"

साहेबांनी सात घातले, शून्य घातलं, उणे पाचही घातले. छप्पन्न, शून्य, वीस. दारात सगळं खातं गोळा झालं होतं. शेवटी साहेबांनी हात टेकले आणि गुण वाढवला. मावशी पास! बायकांनी टाळ्यांनी केबिन डोक्यावर घेतली.

"कुणी केली हो ही सूची?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "माहीत नाही. बारा वर्षं हाच पेपर चालतोय," ते हळूच म्हणाले. "मीही यावरच सुपरवायझर झालो. एका गुणाने. आणि खूण... वर्ग मोठा, यावरच केली होती."

ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. मावशी ऐसपैस टेकल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा पाय गप्प झाले.

"जुने निकाल तपासायलाच हवेत, असं काही नक्की नाही," त्या म्हणाल्या. "माझी खुर्ची मात्र गादीचीच हवी."